घरात ल्युकेमियाचे उपचार चालू असताना: दिवसाउजेडी ठरवून ठेवायच्या गोष्टी

रात्री पावणेदोनला धाकट्याचं अंग तापलं. थर्मामीटरवर १०१.२. मग घरात सभा भरली. आई म्हणाली, आधी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. भाऊ म्हणाला, एवढ्या रात्री कोण डॉक्टर भेटणार, सकाळी बघू. मी फाइल शोधत होतो, ती कपाटाच्या वर होती. बायको पॅरासिटामॉलची बाटली हातात धरून नुसती माझ्याकडे बघत उभी. घरातून निघायला सव्वातीन झाले. पुढे नऊ दिवस अ‍ॅडमिट, रक्तात जंतू निघाले. पोरगा त्यातून उठला, पण त्या रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो अजून कानात आहे: "ताप किती वाजता पाहिलात?"

घरात शहाण्या माणसांची कमी नव्हती. आधी ठरलेलं मात्र काहीच नव्हतं. रात्री दोन वाजता कुणालाही धड निर्णय घेता येत नाही, म्हणून तो दुपारी दोनला घेऊन ठेवायचा, एवढीच अक्कल आम्हाला अडीच वर्षांत आली. तीच इथे क्रमाने मांडतो. आमचा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याला अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल, हा रक्ताचा कर्करोग निघाला. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोच. सुरुवातीचे महिने मुंबईत काढले आणि नंतर जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाहून ये-जा केली. औषधांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. मी सांगतोय तो घराचा कारभार.

पायरी १: पुढची अडीच वर्षं कशी आहेत ते एका बैठकीत समजून घ्या

डॉक्टर पहिल्या दिवशी सांगतात तेव्हा डोक्यात काही शिरत नाही. आठवड्याने पुन्हा वेळ मागा, दोघं जा आणि कागदावर लिहून घ्या. ढोबळ आराखडा असा असतो: पहिला साधारण महिनाभर इंडक्शन. त्यात स्टिरॉइड, व्हिन्क्रिस्टीन, अ‍ॅस्पॅराजिनेज आणि पाठीच्या मणक्यातून दिलं जाणारं औषध. मग काही महिने कन्सॉलिडेशन, आणखी एक जोरकस फेरी, आणि शेवटी दीड-दोन वर्षांचा मेन्टेनन्स, ज्यात बहुतेक गोळ्या घरीच घ्यायच्या असतात. पहिले सहा ते आठ महिने घर उलटंपालटं होतं. मेन्टेनन्समध्ये शाळा, दुकान, सणवार हळूहळू परत येतात. हे आधी कळलं तर रजा, पैसा आणि माणसं कधी खर्चायची याचा अंदाज येतो.

इंडक्शन संपल्यावर बोन मॅरोच्या (हाडातल्या मगजाच्या) तपासणीत रोगाच्या पेशी दिसेनाशा होतात. याला रेमिशन म्हणतात. आमच्याकडे त्या दिवशी पेढे वाटले गेले आणि एक नातेवाईक म्हणाले, झालं ना, आता कशाला ते विष घालताय पोराच्या अंगात? नेमकी हीच जागा घातक. रेमिशन म्हणजे बरा झाला असं नाही. उपचार तिथे थांबवले तर आजार बहुतेक वेळा उलटतो. श्रीमंत देशांत या आजाराची दहापैकी जवळपास नऊ मुलं वाचतात. आपल्याकडे आकडा कमी पडतो, त्याचं एक मोठं कारण उपचार अर्ध्यात सोडणं हेच आहे. पेढे वाटा, पण पुढच्या तारखेचं तिकीट काढून मग वाटा.

पायरी २: एक वही

मोबाइलमधलं अ‍ॅप नको. साधी दोनशेपानी वही, दोरीने पेन बांधलेली. रोज एक पान: तारीख, सकाळ-संध्याकाळचं तापमान, दिलेली औषधं, शी झाली का, जेवण किती, उलटी किती. शीचा रकाना वाचून हसू येईल, पण व्हिन्क्रिस्टीनमुळे बद्धकोष्ठ इतका होतो की पोरगं पोट धरून लोळतं. दोन दिवस रकाना कोरा दिसला की डॉक्टरांना फोन. त्याच औषधाने जबडा दुखतो, पावलं उचलताना ओढली जातात. तेही लिहा.

शेवटच्या पानांवर प्रत्येक सीबीसीचे, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या तपासणीचे, आकडे. रिपोर्ट वाचायला शिका. सगळ्यांत महत्त्वाचा आकडा एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल्स, किती आहेत. काही रिपोर्टवर तो छापलेला नसतो. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिल्सची टक्केवारी, एवढंच गणित. पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल्स २० टक्के असतील तर एएनसी ३६०. ५०० च्या खाली म्हणजे घराचं दार बंद करायची वेळ. आमच्या ताईने, म्हणजे थोरल्या लेकीने, तेव्हा चौथीत होती, हा गुणाकार तोंडपाठ केला होता.

फाइलच्या प्रत्येक पानाचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये हवा. मूळ फाइल घरात एकाच खुंटीला, आणि ती खुंटी सगळ्यांना माहीत.

पायरी ३: तापाचा ठराव लिहा आणि फ्रिजवर चिकटवा

बाकी काही नाही जमलं तरी हे करा.

एकदा १०१ अंश फॅरेनहाइट दिसलं, किंवा १००.४ तासभर टिकलं, की निघायचं. बहुतेक ठिकाणी हाच आकडा सांगतात, तरी तुमच्या हॉस्पिटलकडून पक्का करून घ्या. काखेतलं तापमान आतल्यापेक्षा थोडं कमी दाखवतं, तेही विचारा. गुदद्वारात थर्मामीटर कधीही घालायचं नाही. हॉस्पिटलशी बोलल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायचं नाही, कारण ताप दबतो आणि आतला जंतुसंसर्ग चालूच राहतो. ब्रुफेन आणि अ‍ॅस्पिरिन तर नकोच, प्लेटलेट आधीच कमी असतात. हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून पहिलं अँटिबायोटिक सुरू व्हावं हे ध्येय असतं. म्हणून पट्ट्या, अंगारा, सकाळ होऊ दे, यांना या तासात जागा नाही. आईला हे मी तिच्या कलाने समजावलं. अंगारा आता तापाच्या पिशवीतच ठेवलेला असतो, गाडीत बसल्यावर लावायचा. वाद मिटला.

ती पिशवी दारामागे. तिच्यात फाइलची झेरॉक्स, दोन कपडे, चार्जर, पाण्याची बाटली, पाच हजार रुपये रोख, आणि एक पत्र. या पत्रावर जरा थांबतो. आम्ही मुंबईपासून तीनशेहून जास्त किलोमीटरवर. तापात पोराला घेऊन रात्रभर गाडी हाणण्यात अर्थ नाही. त्या रात्री जवळच्या एका दवाखान्यात गेलो, तर फाइल बघून तिथल्या डॉक्टरांनी हातच लावला नाही, "कॅन्सरची केस आहे, मुंबईलाच न्या" म्हणाले. त्यांना दोष देत नाही. त्यांना भीती वाटली. नंतर आम्ही आमच्या कर्करोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर लिहून घेतलं: आजार काय, कुठली कीमो चालू, ताप आल्यास आधी रक्ताचं कल्चर (जंतू शोधायची तपासणी), मग अमुक अँटिबायोटिक अमुक मात्रेत ताबडतोब, आणि फोन या नंबरवर. ते पत्र घेऊन भर दुपारी, ताप नसताना, गावातल्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो, चहा घेतला, ओळख करून दिली. पुढच्या वेळी दार उघडल्यापासून सलाइन लागेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली.

गाडी कुणाची हेही लिहा. आमच्या कागदावर शेजारच्या दोघांचे नंबर आहेत, एक बाहेरगावी असला तर दुसरा. दोघांना विचारून.

ताप नसतानाही धावायची कारणं त्याच कागदावर: न थांबणारं रक्त, काळी शी, धाप, फिट, बरळणं, भयंकर डोकं किंवा पोट दुखणं. आणि एक कुणी सांगत नाही ते. पिक लाइन किंवा पोर्ट (औषधं द्यायला शिरेत बसवून ठेवलेली नळी) असेल आणि ती फ्लश केल्यावर, म्हणजे सलाइन सोडून धुतल्यावर, अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरली, तर लाइनमध्येच जंतू असू शकतात. "गार वारा लागला असेल" म्हणू नका.

पायरी ४: गोळ्यांचा डबा

मेन्टेनन्समध्ये कीमोच्या दोन गोळ्या: सिक्स-एमपी रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. फक्त एकदा. मेथोट्रेक्सेट चुकून रोज गेलं तर जीव जाऊ शकतो, मुलाचाच नव्हे, मोठ्या माणसाचाही. आमच्याकडे हे होता होता राहिलं. एका मेडिकल स्टोअरमधल्या पोराने सवयीने पाकिटावर "रोज १ वेळा" लिहून दिलं. मी माझ्या दुकानात होतो, आई गोळी द्यायला निघाली होती. ताईने वही उघडून दाखवलं की आज सोमवार आहे आणि ती गोळी बुधवारची.

त्यानंतरचा नियम: बुधवार हा मेथोट्रेक्सेटवार. त्या गोळ्या वेगळ्या डब्यात, डब्यावर लाल पेनने "फक्त बुधवार". डबा उघडणारा माणूस एकच, तो गावाला गेला तर दुसरा कोण हे वहीत लिहिलेलं. सेप्ट्रानसारखं न्यूमोनिया टाळणारं औषध ठरावीक वारीच असतं, त्याचेही वार वहीत. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, बघून डॉक्टर डोस वरखाली करतात, म्हणून जुनी चिठ्ठी लगेच फाडून टाका. उलटी झाली तर गोळी पुन्हा द्यायची का, हे एकदा विचारून ठेवा. मनाने देऊ नका.

गोळ्या अर्ध्या करायच्या तर हातमोजे घालून, आणि घरातल्या गरोदर बाईने त्यांना हात लावू नये. कीमोनंतर साधारण ४८ तास उलटी, लघवी साफ करतानाही हातमोजे, ते कपडे वेगळे धुवायचे. मुलाला जवळ घ्यायला, पापा घ्यायला मात्र काही हरकत नाही. आमच्या एका काकूंनी महिनाभर त्याला हात लावला नव्हता, हा आजार लागतो असं समजून. तो लागत नाही.

मेन्टेनन्सच्या दुसऱ्या वर्षी मूल खेळतं, केस येतात, आणि गोळी "आज राहू दे" होते. घरी सगळं ठीक दिसतं तेव्हाच गोळ्या चुकतात.

पायरी ५: स्वयंपाकघर

स्टिरॉइडच्या आठवड्यांत मूल झपाटल्यासारखं खातं. आमचा रात्री अडीचला उठून शेवभाजी मागायचा. नुसता मागायचा नाही, रडायचा, भांडी आपटायचा, आणि पाच मिनिटांनी मांडीत झोपायचा. चेहरा भाकरीसारखा फुगतो. हा स्वभाव नाही, औषध आहे. भूकही औषधाचीच, म्हणून नाही म्हणण्याऐवजी आम्ही तडजोड काढली: बिनतिखटाची, कमी मिठाची, घरच्या थोड्याशा शेवेची भाजी. स्टिरॉइडने रक्तदाब आणि साखर दोन्ही चढू शकतात, म्हणून मीठ आणि साखर किती चालेल ते विचारून घ्या. रात्रीसाठी कणीक मळून ठेवायची नाही. झाकणबंद डब्यात रवा भाजून ठेवायचा, दहा मिनिटांत गरम उपमा.

नंतर उलट होतं. तोंड येतं आणि वरणाचा घासही टोचतो. तेव्हा मऊ मुगाची खिचडी, तूप घालून, कोमट. मऊ ब्रश, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या गुळण्या दिवसातून चार-पाच वेळा. खाण्याचा हट्ट करण्यापेक्षा गुळण्यांचा हट्ट करा.

काउंट कमी असताना नियम साधा: ताजं, शिजवलेलं, गरम. पाणी उकळून गार केलेलं. फळं जाड सालीची, आपण धुऊन सोललेली: केळं, मोसंबी, संत्रं. द्राक्षं नकोत. कच्ची मोड आलेली कडधान्यं, कोशिंबीर, कच्ची चटणी, उसाचा रस, पाणीपुरी, बर्फ हे सगळं बंद. घरच्या दह्याबद्दल वेगवेगळ्या हॉस्पिटलांचं मत वेगवेगळं असतं, तुमच्याकडचं पाळा. आणि भरीत-भाकरीचं सुख बाकीच्यांनी सोडायचं नाही. पोरगं बेचव खातं म्हणून सगळ्या घराने बेचव खाल्लं, तर त्यालाच अपराधी वाटतं.

पपईच्या पानाचा रस, गुळवेलीचा काढा, गव्हांकुर. आठवड्याला कुणीतरी आणून देतंच. मेथोट्रेक्सेट आणि सिक्स-एमपी दोन्हींचा यकृतावर ताण असतो, आणि गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याकडेच झालेल्या आहेत. आम्ही बाटली प्रेमाने घ्यायचो, "डॉक्टरांना विचारून देतो" म्हणायचो आणि मोरीत ओतायचो. खोटं बोललो, पण नाती टिकली.

पायरी ६: रक्तदात्यांची यादी

वीस जणांची, गट आणि फोनसह. प्लेटलेट १०,००० च्या खाली गेल्या की सहसा चढवाव्या लागतात, आणि त्या पिशवीचं आयुष्य पाचच दिवसांचं, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. एकाच दात्याकडून मशीनने काढतात त्याला एसडीपी म्हणतात. दात्याने तासा-दीड तासाची तयारी ठेवून, जेवून यावं. सख्ख्या नातेवाइकांना वाटतं, आमचंच रक्त द्या. अशा मुलाला जवळच्या रक्ताच्या नात्यातलं रक्त न देणंच चांगलं. दात्याच्या पेशी मुलाच्या अंगात तग धरून त्याच्यावरच उलटण्याचा धोका असतो, म्हणून असं रक्त किरणांची प्रक्रिया केल्याशिवाय देत नाहीत. मामाने दुसऱ्याच्या लेकरासाठी द्यावं, दुसऱ्याच्या मामाने आपल्या.

पायरी ७: उंबरठा

भेटायला येणाऱ्यांना थोपवणं आपल्याकडे सगळ्यांत अवघड. दारावर पाटी लावली तर लोक दुखावतात. आम्ही ओट्यावर दोन खुर्च्या टाकल्या. चहा तिथेच, गप्पा तिथेच, पोरगा खिडकीतून हात हलवणार. सर्दी-खोकल्याच्या माणसाला आईच सांगायची. म्हाताऱ्या बाईचं कुणाला वाईट वाटत नाही.

कांजिण्या किंवा गोवर झालेल्या मुलाशी संपर्क आला तर पुरळ उठायची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटलला कळवा, लवकर कळलं तर टाळता येण्यासारखे उपाय असतात. उपचार चालू असताना मुलाला जिवंत जंतूंच्या लसी (गोवर, कांजिण्या, तोंडावाटे पोलिओ) देत नाहीत. भावंडांना गोवर-कांजिण्यांच्या लसी देता येतात, पण पोलिओचे थेंब नकोत, त्याऐवजी इंजेक्शन. पल्स पोलिओच्या रविवारी आशाताई दारात आल्या की धांदलीत थेंब दिले जातात. त्यांना आधीच घरातली परिस्थिती सांगून ठेवा. घरातल्या मोठ्यांनी दरवर्षी फ्लूचं इंजेक्शन घ्यावं.

गणपती घरचा बसवा, मंडळाच्या गर्दीत नेऊ नका. कुंडीतली माती उकरणं, बांधकामाची धूळ, बुरशी लागलेली भिंत यांपासून लांब.

पायरी ८: पैसा आणि मुक्काम

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळत नसतील तर ती आजच दुरुस्त करा. आमचे अकरा दिवस एका काना-मात्रेत गेले. योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, मंजुरी त्यांच्यामार्फत उपचाराआधी घ्यायची. हेल्पलाइन १५५३८८. शिवाय मुख्यमंत्री सहाय्यता निधी, आणि हॉस्पिटलचे समाजसेवा अधिकारी. त्यांच्याकडे लाजू नका, त्यांचं कामच ते आहे.

रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलचा छापील फॉर्म लागतो. प्रत्येक भेटीत पुढच्या प्रवासाचाही फॉर्म सही करून घ्या, नाहीतर गावी गेल्यावर आठवतो.

मुंबईत परळला टाटा मेमोरियलमध्ये उपचार असतील तर राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, आणि लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स. बहुतेक ठिकाणी हॉस्पिटलची चिठ्ठी लागते आणि जागेची वाट बघावी लागते, म्हणून पहिल्याच दिवशी नाव घाला.

पायरी ९: दुसरं मूल

याबद्दल आम्ही सर्वांत उशिरा विचार केला. मुंबईला जाताना ताईला आजीकडे ठेवलं. सांगितलं, भाऊ आजारी आहे, लवकर येतो. पाच महिने गेले. फोनवर तिच्याशी बोलायचो ते "जेवलीस का, अभ्यास केलास का" एवढंच. दिवाळीला घरी आलो तेव्हा तिच्या दप्तरात एक कागद सापडला. वर लिहिलं होतं, "मी त्याला झोक्यावरून ढकललं होतं." खाली तारीख, आजार कळायच्या आठवडाभर आधीची.

पाच महिने ती हे एकटी बाळगत होती.

म्हणून पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या मुलाला बसवून तीन वाक्यं स्पष्ट सांगा: या आजाराचं नाव अमुक आहे. तो कुणाच्या मारण्याने, रागवण्याने, उष्टं खाण्याने होत नाही. तुला लागणार नाही. "कॅन्सर" हा शब्द घरी तुमच्याकडून कळला नाही तर शाळेत दुसऱ्याकडून कळतो, तोही भलत्याच रंगात. रोज ठरलेल्या वेळी फोन करा, त्यात पहिली दहा मिनिटं भावाचा विषय नाही. आणि तिला खरं काम द्या. आमची वही ताईकडे गेली ती अशी. पण एक सावधगिरी: काम द्यायचं, जबाबदारी नाही. काउंट खाली आला की ती वही बंद करून रडायची, तेव्हा लक्षात आलं की आकडे लिहायचे तिने, पण बघायचे आम्ही.

पायरी १०: दोघांच्या पाळ्या

एकाने हॉस्पिटल, दुसऱ्याने घर आणि दुकान, अशी कायमची वाटणी करू नका. तसं झालं की एकाला औषधं कळतात, दुसऱ्याला फक्त खर्च दिसतो, आणि भांडणं सुरू होतात. तीन आठवड्यांतून एकदा तरी अदलाबदल. मी पहिल्यांदा एकटा डे केअरला बसलो त्या दिवशी एलपीसाठी, म्हणजे पाठीच्या मणक्यात सुई घालतात त्यासाठी, त्याला कमरेत वाकवून धरलं होतं. बायकोने हे तोवर सहा वेळा एकटीने केलं होतं. त्या संध्याकाळी मी हिशेबाचा विषय काढला नाही.

पायरी ११: शाळा, आणि उपचार संपल्यावर

मेन्टेनन्समध्ये डॉक्टर होकार देतील तेव्हा शाळा सुरू करा, आधी अर्धा दिवस. वर्गशिक्षिकेला एक पत्र: वर्गात कुणाला कांजिण्या, गोवर आल्या तर त्याच दिवशी कळवा. टोपी घालू द्या. ताप वाटला तर गोळी न देता फोन करा. केसांबद्दल पोरं विचारतात. आमच्याने स्वतःच उत्तर शोधलं होतं: "औषधाने टक्कल केलं, न्हाव्याचे पैसे वाचले."

शेवटची गोळी झाल्यावरही दर महिन्या-दोन महिन्यांनी सीबीसी चालू राहते, नंतर अंतर वाढतं. राहिलेल्या लसी बहुतेक ठिकाणी साधारण सहा महिन्यांनी पुन्हा सुरू करतात. पिक लाइन काढली तरी पहिले काही महिने तापाचा ठराव तसाच ठेवा. फ्रिजवरचा आमचा कागद आता पिवळा पडलाय. पिशवी अजून दारामागेच आहे. गेल्या महिन्यात ताईने तिच्यातल्या थर्मामीटरचा सेल बदलला आणि वहीत तारीख टाकली.